पाळण्याचं ड्रॉइंग

पारोळा सुटल्यापासूनच सुकदेवचं डोकं तापलं होतं. त्याच्या मांडीवर पीव्हीसी पाइपाचा तुकडा होता, पाइपात एक कागद गुंडाळलेला होता, आणि शेजारचा माणूस एसटीच्या प्रत्येक धक्क्याला त्या पाइपावर कोपर टेकत होता. तिसऱ्यांदा सुकदेव खेकसला, "कोपर काढा ना भाऊ! यामा कागद शे." त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. सुकदेवला धुळं येईपर्यंत कोणावर तरी चिडायचं होतं, एवढंच.

जळगावात अजिंठा रोडला त्याचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. सहा दिवस ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि रविवारी स्वतःची गाडी. अपघातात चेपलेली एक मारुती आठशे त्यानं भंगारातून उचलून आणली होती आणि तिच्यात हजार सीसीचं इंजिन बसवायचा घाट घातला होता. इंजिन मोठं, जागा एवढीशी. इंजिन ज्यावर बसतं आणि पुढच्या चाकांचे आर्म ज्याला धरून हलतात, तो गाडीखालचा सांगाडाच नवा करावा लागणार होता. सुकदेव त्याला पाळणा म्हणायचा. दीड वर्ष त्यानं जुन्या लग्नपत्रिकांचे नमुने कापले, गाडीखाली झोपून लावून पाहिले, फाडले, पुन्हा कापले. त्याची बायको ताईबाई म्हणायची, "गावना सगळा लगीन तुम्हना गाडीमा गयात."

शेवटी माप जमलं. पण इंजिन बदललेली गाडी रस्त्यावर आणायची तर पासिंगच्या फाईलला ड्रॉइंग लागणार होतं, आणि ड्रॉइंगवर तपासणाऱ्या इंजिनिअरची सही. अशी सही करणारे जळगावातच दोघं होते. सुकदेव त्यांच्याकडे फिरकलासुद्धा नाही. त्याला सही हवी होती ती धुळ्याच्या रतिलाल सरांची; रिटायर झाल्यापासून तेही अशा सह्या करायचे.

अकरा वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशी साली, एका खासगी तंत्रशाळेत रतिलाल सर ड्रॉइंग शिकवायचे. शेवटच्या परीक्षेचं ड्रॉइंग घरून काढून आणायचं होतं; सुकदेवनं लेथ यंत्राच्या टेलस्टॉकचं, म्हणजे मागच्या टोकाच्या आधाराचं, काढलं. रेघ कुठे जाड नाही, अक्षर कुठे वाकडं नाही. सरांनी ते वर्गापुढे उचलून धरलं आणि विचारलं, "कोणाकडून काढून घेतलंस?" मग लाल शाईनं मागच्या बाजूला शेरा मारला: हे काम विद्यार्थ्याचे स्वतःचे नाही. खाली लफ्फेदार सही. सुकदेव नापास झाला. कारखान्यातली अप्रेंटिसची जागा गेली, आणि पुढची चार वर्षं त्यानं दुसऱ्याच्या दारात वेल्डिंगच्या ठिणग्या खाल्ल्या. कागद मात्र जपून ठेवला. पाळण्याचं ड्रॉइंग काढायची वेळ आली तेव्हा जुनं टेलस्टॉक त्यानं खोडरबरानं घासून साफ केलं आणि त्याच जागी पाळणा काढला. मागच्या शेऱ्याला हात लावला नाही. सर सही करतील, मग कागद उलटा करायचा आणि तो शेरा त्यांच्याच हातानं खोडून घ्यायचा, हे त्यानं मनात पक्कं केलं होतं.

देवपुरातल्या घरी सर लुंगी-बनियनवर बसले होते. त्यांनी सुकदेवला ओळखलं नाही. चष्मा लावून कागदावर वाकले आणि एकेक माप बोटानं तपासत गेले.

"वा," शेवटी म्हणाले. "कोणी काढलं?"

"मी."

"नाही, पाळणा तू बनवशील. ड्रॉइंग कोणी काढलं?"

सुकदेव भडकला. अकरा वर्षं झाली, माणूस रिटायर झाला, डोक्याचे केस गेले, आणि प्रश्न अजून तोच! "हाई बी मीच काढेल शे," तो म्हणाला. सरांशी शुद्ध बोलायचं ठरवून आला होता, ते तिथंच राहिलं.

"असेल, असेल," सर म्हणाले आणि शिसपेन्सिल उचलली. "पण काढणाऱ्याला अंदाज नाही. हा आर्म आणि वरचा इंजिनचा ऑइल चेंबर, यात एवढी मोकळी जागा कशाला? निम्मी पुरे. इंजिन खाली बसेल, गाडी रस्ता धरेल."

"गाडी जॅकवर नाही चालत, सर."

"म्हणजे?"

सांगण्यात अर्थ नव्हता. सुकदेव उठून अंगणात गेला. तिथं सरांची स्कूटर स्टँडवर उभी होती, मागचं चाक लोंबत होतं. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये त्यानं चार बोटं घातली. "बघा. चार." मग स्कूटर स्टँडवरून काढून हँडल धरलं. "आता बसा तुम्ही. अक्का, तुम्ही पण या."

सरांच्या बायको वच्छलाबाई पदराला हात पुसत आल्या, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मागच्या सीटवर बसल्या. सर लुंगी सावरत पुढे बसले. स्कूटर दबली. सुकदेवनं सरांना खाली वाकून पाहायला लावलं. आता दोनच बोटं जात होती, तीही रेटून.

"वजन पडलं की चाक वर येतं, चाकासोबत आर्म वर येतो. तुमच्या मापानं केलं तर चार माणसं बसवून पहिल्या खड्ड्यात आर्म चेंबर फोडेल. बोला, अंदाज कोणाले नही?"

सर उतरले. आत गेले, शिसपेन्सिल बाजूला ठेवली आणि 'तपासले' या चौकटीत सही केली. मग त्यांची नजर शेजारच्या चौकटीवर गेली. काढणारा: सुकदेव चिंधा भालेराव. पेन तिथंच थबकलं.

"भालेराव... चौऱ्याऐंशीची बॅच?"

"कागद उलटा करा."

सरांनी उलटा केला. लाल शाई जराशी फिकी पडली होती, अक्षर मात्र ठसठशीत होतं. सुकदेवनं खिशातून लाल पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "खोडा. खाली सही करा, आजची तारीख घाला."

सरांनी पेनचं टोपण काढलं. हात शेऱ्यापर्यंत नेला आणि हळूच म्हणाले, "तूच काढलं होतंस. मला तेव्हाही माहीत होतं रे."

सुकदेवला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"पहिला नंबर येत होता तुझा. भीमनगरचं पोरगं पहिलं आलेलं वरच्यांना चाललं नसतं. माझी नोकरी त्या शाळेत पक्की झाली नव्हती. काहीतरी लिहिणं भाग होतं." सर कागदाकडेच बघत होते. "आण, खोडून टाकतो."

अकरा वर्षं सुकदेव धरून चालला होता की सरांची चूक झाली. डोळ्यांवर पट्टी असेल, भीमनगरच्या पोराचा हात एवढा साफ असेल हे खरंच वाटलं नसेल. त्या चुकीवरच तो एवढा जळत होता. आणि या माणसानं रेघ न् रेघ ओळखून, जाणूनबुजून शाई ओतली होती! समोरचं टेबल उचलून अंगणात फेकावं असं त्याला वाटलं. त्यानं सरांचं मनगट धरलं. वेल्डरची पकड होती, सर कळवळले.

"थांबा. खोडू नका."

"अरे, तूच तर म्हणालास..."

"चूक असती तर खोडली असती." त्यानं कागद ओढून घेतला, गुंडाळला आणि पाइपात घातला. "फाईलमा दोन्ही बाजू लागतीन. दोन्हीकडे सही तुम्हनीच शे."

दारात वच्छलाबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या बाजूला सरकल्या, सुकदेव त्यांना हात जोडून बाहेर पडला, आणि रतिलाल सर लाल पेन उघडंच धरून बसून राहिले.