मारबतीपुरता अंधार

शामला नागपूरजवळच्या कोराडीत, वीज खात्याच्या एका ट्रेनिंग सेंटरात शिकवायची, आणि या खेपेला तिच्या डोक्याला दोन ताप होते. सालेम आणि इमाद. दोघंही लिबियाचे, एक पूर्वेचा, दुसरा पश्चिमेचा. त्यांच्याकडे परदेशी विमानं आली, हुकूमशहा गेला, विमानंही निघून गेली. मागं उरल्या बंदुका आणि गावागणिक एकेक फौज. विजेच्या तारा तेवढ्या अजून अख्ख्या देशाच्या एक होत्या. त्या सांभाळायला दोन्ही बाजूंची माणसं एकाच कंट्रोल रूममध्ये बसवायचं कसंबसं ठरलं होतं. ही दोघं पास झाली तरच ती रूम उघडणार होती. आणि ही दोघं एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हती.

सराव तसा साधा. वीज कमी पडली की पाळीपाळीनं आपापल्या शहराची लाईट थोडा वेळ बंद करायची. विदर्भातल्या शेंबड्या पोरालाही भारनियमन कळतं. पण बटणापाशी आले की दोघं हाताची घडी घालून बसायचे, आणि भार न पेलून पडद्यावरचा सगळा देश काळा व्हायचा. रोज तेच.

"तिकडे लाईट बंद केली की बंदूकवाले थेट कंट्रोल रूममध्ये येतात, मॅडम," इमाद म्हणाला. "विचारतात, त्यांची चालू आणि आमचीच का बंद?"

"आमच्याकडेही हेच विचारतात," सालेम भिंतीकडे बघत म्हणाला.

आता यावर शामला काय शिकवणार, कपाळ? परीक्षा सोमवारी. मध्ये मारबतीची सुटी आली, तेव्हा ती दोघांना नागपुरात, इतवारीत सासूकडे घेऊन गेली. निदान पोटभर जेवतील तरी, असा विचार.

गल्लीत ढोल घुमत होते. मारबत म्हणजे गावाची सगळी पीडा घेऊन जाणारी बाई, कागदाबांबूची, पण उंच अशी की वरच्या तारांना लागावी. म्हणून ती गल्लीत शिरायच्या आधी त्या गल्लीची वीज बंद करतात. सासूच्या, तुळजाबाईंच्या घरातला पंखा गरगरत थांबला, आणि घामाघूम झालेल्या गल्लीनं आनंदानं शिट्ट्या मारल्या. इमाद दचकून दाराकडे बघायला लागला.

"कोणी भांडत कसं नाही?" त्यानं विचारलं. शामलानं ते सासूला सांगितलं.

"काहून भांडन बापा?" तुळजाबाई म्हणाल्या. "आमच्या आधी त्या मोडावरच्यांची गेली होती, मी खिडकीतून पाहिली ना. आता आमची. मारबत पुढं सरकली का आमची येते अन् पुढच्यांची जाते. दिसून राहिलं ना सगळ्यांले."

शामलानं ते दोघांना समजावून सांगितलं, तसे दोघंही उठून मिरवणुकीत घुसले. मारबतीच्या मागं मागं गल्ल्या पालथ्या घालत, तारांकडे बोट दाखवत, गुलालानं लालबुंद होऊन परतले. येताना दोघं अरबीत बोलत होते. काय बोलत होते देव जाणे, पण तुळजाबाईंनी वाढलेलं दोघांनी एकाच परातीतून खाल्लं. शामलाला इतकं हसू आलं की तिच्या हातून चुलीवरच्या दुसऱ्या भाजीत मीठ दोनदा पडलं.

सोमवारी त्यांची एकच मागणी होती. "एकमेकांचं शहर आम्हाला समोर दिसलं पाहिजे. तिकडेही चौकाचौकात असे पडदे लावू. लोकांना बघू दे."

परीक्षा सुरू झाली, वीज घसरली. इमादनं स्वतःचं शहर बंद केलं. समोर सालेमचं झगमगत होतं. वीस मिनिटांची पाळी होती. पंधरा झाली असतील नसतील, सालेमनं आपलं शहर बंद करून इमादचं चालू केलं.

दिल्लीहून आलेल्या परीक्षकांनी भुवया उंचावल्या. "पाळी संपली नव्हती. घाई का केलीत?"

"त्याची आई पाचव्या मजल्यावर राहते," सालेम म्हणाला. "लाईट नसली की तिला जिना चढावा लागतो."