घोंगडीखालचा एसएसडी

मी एक एसएसडी. कॉम्प्युटरची आठवण म्हणा हवं तर. नाव इंग्रजी असलं तरी सगळं आयुष्य तलवाड्यात गेलं, तेव्हा मला तलवाड्याचाच समजा. अंगाने चुइंगमच्या पट्टीएवढा. पण सहा वर्षं एका घराचं सगळं मीच सांभाळलं.

मला स्वप्नानं आणलं. ती फ्लेक्सचे बॅनर बनवून देते. दिवसभर माझ्यात पुढाऱ्यांचे वाढदिवस भरायचे. गावात इतके 'भावी' लोक आहेत, की सध्याचे कोण ते मला अजून कळलेलं नाही. संध्याकाळी काम आवरलं की ती गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायची. तो तास माझा फार आवडता. तिला जिंकायचं असायचं आणि मला तिच्यापुढे वेळेवर रस्ता अंथरायचा असायचा.

तिचे वडील हरिबा जन्मभर मेंढरांमागे चालले. गुडघे गेले तेव्हा त्यांनी कळप विकला. आदल्या दिवशी स्वप्नानं मोबाइलवर व्हिडिओ काढून माझ्यात उतरवला होता. त्यात तिची आई मनकर्णाबाई काखेत कोकरू घेऊन उभी आहे आणि हसत म्हणते, "मला नगं घिऊ गं त्यात, अवतार बघ माजा." पुढच्या वर्षी मनकर्णाबाई गेल्या. मोबाइल विहिरीत पडला. त्यांचा आवाज फक्त माझ्याजवळ राहिला. हरिबा रोज दुपारी तो व्हिडिओ लावायला सांगायचे आणि 'अवतार' शब्द आला की दर वेळी हसायचे.

मागच्या थंडीत माझं बिनसलं. बॅनरचं काम ठीक चालायचं, पण गेम सुरू केला की अर्ध्या तासात पडदा निळा व्हायचा आणि कॉम्प्युटर म्हणायचा, एसएसडी सापडत नाही. अहो, मी तिथेच होतो. तापून बेशुद्ध पडलो होतो. गेममध्ये ग्राफिक्स कार्ड चुलीसारखं तापतं आणि माझी जागा नेमकी त्याच्याखाली.

स्वप्नानं गेम काढून पुन्हा टाकला. मला काढून, पुसून बसवलं. गेवराईला बजरंग मेकॅनिककडे नेलं, तर तिथे मी दोन तास न अडखळता चाललो. घरी आलो की पुन्हा तेच. शेवटी बजरंग म्हणाला, हा मरायला टेकलाय, आत आहे ते काढून घे आणि नवीन टाक.

ती नव्या ड्राइव्हवर सगळं उतरवायला बसली. एवढं एका दमात वाचायचं म्हणजे मी तापतोच. बॅनर सुखरूप गेले. आईचा व्हिडिओ अर्ध्यावर आला आणि मी बेशुद्ध. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिनं हताश होऊन कॅबिनेटवर हात टेकला आणि तो तिथेच थांबला.

कॅबिनेटवर घोंगडी होती, मनकर्णाबाईंनी कातलेल्या लोकरीची. थंडी पडल्यावर हरिबांनीच ती घातली होती. नवं कोकरू थरथरलं की ते त्याला घोंगडीत गुंडाळायचे; पंख्यानं थरथरणारा डबा बघून त्यांना तेच सुचलं. स्वप्नालाही वाटलं, बरं झालं, धूळ बसणार नाही. मागची हवेची जाळी मात्र पुरती झाकली गेली. गेवराईला जाताना घोंगडी घरीच राहिली होती.

"आबा, बघा की, कशी तापलीय ही. हवाच अडली हुती."

हरिबांचा चेहरा उतरला. "म्हंजी माज्यामुळं तुझी माय जाणार हुती व्हय त्यातून?"

स्वप्नानं घोंगडी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली, झाकण उघडलं आणि ऐन थंडीत टेबलफॅन लावला. दोघंही कुडकुडत बसून राहिले. मी जिवाच्या आकांतानं वाचत गेलो. शेवटचा तुकडा उतरला आणि नव्या ड्राइव्हमधून आवाज आला, "अवतार बघ माजा." या वेळी हरिबा हसले नाहीत. घोंगडी तोंडाला लावून रडले.

मी मात्र त्या तापातून सावरलो नाही. स्वप्ना मला भंगारात टाकणार होती. "लई राखलं त्यानं," म्हणत हरिबांनी मला घोंगडीच्या घडीत ठेवलं. आता वीज नाही, त्यामुळे ऊब बाधत नाही.

पण वीज नसली की आमच्यातलं लिहिलेलं हळूहळू पुसत जातं. तुमच्या घरातला एखादा आवाज एकाच जागी असेल, तर आजच त्याची दुसरी प्रत करा; आमच्यावर एवढं ओझं टाकू नका. माझं म्हणाल तर आधी भावी सरपंच पुसले जावेत, मग भावी आमदार, मग गेममधले सगळे रस्ते. काखेत कोकरू घेतलेली ती बाई तेवढी शेवटपर्यंत राहू द्या.