सालीखालचे पाऊल

मित्रांनो, मी एक जुना, कडेला टवका उडालेला प्लास्टरचा ठसा आहे. आकाराने मी बशीएवढा असून माझ्या अंगावर एका पावलाचा उंचवटा आहे. ते पाऊल कोणाचे, या एका प्रश्नात माझे साठ वर्षांचे आयुष्य गेले. आणि माझ्यासोबत एका सज्जनाचा शब्द पणाला लागून राहिला.

माझा जन्म टास्मानिया बेटाच्या डोंगरांत, एका ओढ्याकाठच्या चिखलात झाला. माझे जनक ॲथल ट्रिफिट हे हिवाळ्यात वॉलबींसाठी, म्हणजे लहान कांगारूंसाठी, फास लावीत. त्या बेटावर पूर्वी पाठीवर पट्टे असलेला आणि पोटाशी पिल्लांची पिशवी बाळगणारा एक शिकारी प्राणी राही. लोक त्याला वाघ म्हणत. मेंढ्या खातो म्हणून त्याला मारीत गेले, आणि ज्ञात असलेला शेवटचा वाघ पिंजऱ्यात मेला. त्यानंतर पंचवीस वर्षांनी ॲथल यांनी मला गावच्या बारच्या काउंटरवर ठेवले व शांतपणे सांगितले, "वाघ आहे अजून."

"कुठं सापडलं हे पाऊल?" बारवाल्या बेसिलने विचारले.

"डोंगरात."

"डोंगर केवढा पसरलाय. नीट सांग की."

"नाही सांगणार."

तेथील रीतच तशी होती. फास लावणारा आपली वाट सख्ख्या भावालाही सांगत नसे. सांगितली की पुढच्या हिवाळ्यात तेथे दुसऱ्याचे फास दिसत. परंतु ज्या पुराव्याला ठिकाण नाही, त्याला कोण मान देणार? आरंभी वर्तमानपत्रात माझे छायाचित्र आले, दुरून माणसे मला पाहायला आली. पुढे कौतुक ओसरले आणि थट्टा तेवढी उरली.

"काय ॲथल, वाघ बरा आहे ना?" बेसिल दर शनिवारी विचारी.

"बरा आहे. तुझी चौकशी करत होता. म्हणाला, बेसिल लांबून अगदी मेंढीसारखा दिसतो."

सारे हसत, ॲथलही हसत. पण ते दर शनिवारी थोडे लवकर घरी परतू लागले.

मग मी बिस्किटांच्या डब्यात गेलो. एका उन्हाळ्यात दार वाऱ्याने लागू नये म्हणून मला दाराशी टेकवून ठेवत. कडेचा टवका तेव्हाचा. चुलीवरच्या फळीवर धुराने मी पिवळा पडलो. बेसिल वारला, थट्टा मात्र त्याच्या मागे राहिली.

ॲथल नव्वदीला आले, तेव्हा त्यांची कन्या एल्व्हा म्हणाली, "बाबा, हा ठसा शहरात जाणकारांना दाखवते. एकदा काय तो निकाल लागू दे. तुम्हाला कुणी थापाड्या म्हटलेलं मला ऐकवत नाही."

ॲथल यांनी मला उचलून तिच्या हाती दिले. मग म्हणाले, "ने."

शहरातील वस्तुसंग्रहालयात थिया हॅलम नावाच्या विदुषीने मला खिडकीजवळ नेऊन तिरप्या उजेडात फिरवले, पट्टीने मोजले. "हे वोंबॅटचं आहे," ती हळुवारपणे म्हणाली. "पुढचा पाय पडला, त्यावरच मागचा. म्हणून पाऊल मोठं दिसतं. पुष्कळांची अशी फसगत होते."

वोंबॅट हा बिळात राहणारा, बुटका, गोलमटोल प्राणी. तो तेथे कोणाच्याही परसात दिसतो.

तीन तासांचा प्रवास करून एल्व्हा मला घेऊन परतली. घरी येऊन तिने चहा केला, तो ओतून दिला, पुन्हा केला. अखेर तिने वडिलांना निकाल सांगितला.

"ठाऊक आहे," ॲथल म्हणाले.

एल्व्हा खाली बसली.

"वाघ मी पाहिला. भर दुपारी, ओढ्यापलीकडे, इथून त्या दाराएवढ्या अंतरावर. बंदूक होती हातात. उचलली नाही. तो गेल्यावर चिखलात एकच स्वच्छ पाऊल उरलं होतं. जवळ प्लास्टर नव्हतं. निलगिरीची साल त्यावर झाकली आणि गाव गाठलं. दोन दिवसांनी गेलो, तर साल बाजूला पडलेली."

"वोंबॅटनं ढकलली."

"दुसरं कोण? वाटेत काही ठेवलं की तो वळून जात नाही, ढकलून जातो. माझे किती फास त्यानं मोडले होते. मला कळायला हवं होतं. कळलंच होतं म्हण. पण मनाला म्हटलं, वाऱ्यानं उडाली असेल, आणि प्लास्टर ओतलं."

"मग एवढी वर्षं बोललात का नाही?"

"साल हलली होती म्हटलं असतं, तर वाघही खोटा ठरला असता." मग ते म्हणाले, "आता लिही. ठशाच्या पाठीवर."

एल्व्हाने मला पालथे केले आणि ते सांगत गेले तसे पेन्सिलीने लिहिले: 'हे पाऊल वोंबॅटचे. साल हलली होती. वाघ मी त्याच जागी दोन दिवस आधी पाहिला.' मग ॲथल यांनी आयुष्यात प्रथमच त्या ओढ्याचे नाव उच्चारले.

एल्व्हाची पेन्सिल थांबली. "बाबा, ते खोरं कधीच धरणाखाली गेलं."

"जाऊ दे. तरी लिही."

मित्रांनो, धूर पाहून अग्नीचे अनुमान करावे, असे शास्त्र सांगते. पावलावरून प्राण्याचे अनुमान करणे हेही तसेच. मात्र मध्ये दोन दिवस गेलेले नसावेत. वाघ अजून आहे का, हे मला विचारू नका. मी त्याचा नव्हतोच. ॲथल यांनी पाहिले ते मी मानतो, पण सिद्ध करू शकत नाही.

आता मी डब्यात नसतो. लिहिलेली बाजू वर करून मला खिडकीत ठेवले आहे. संध्याकाळी परसात एक वोंबॅट येतो, आणि ॲथल चष्मा पुसून तो दिसेनासा होईपर्यंत त्याला पाहतात. तुम्हीही आपल्या अंगणात येणाऱ्या साध्या जिवाला तसेच पाहा, तो आहे तोवर जपा. तो गेल्यावर तुम्हाला माझ्यासारख्यांवर विसंबावे लागेल. आणि माझ्यासारख्यांवरची साल जागची हललेली असू शकते.