चौकटीबाहेरची ओळ

तक्रार तशी किरकोळ होती. पिरंगुटच्या पुढे, भरे गावाच्या अंगाला रंगाचा एक कारखाना आहे. तिथल्या मराठी सूचनापत्रकांत ठळक अक्षरांच्या जागी नुसत्या हॅशच्या खुणा उमटत होत्या. "तेवढं आज बघून टाक," असा तिच्या साहेबांचा, जनार्दन सरांचा, निरोप स्वरदाला सकाळीच येऊन पडला होता.

स्वरदा भुकूमला लीलाबाईंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची आणि तिथूनच काम करायची. तिची कंपनी कारखान्यांना सुरक्षेची पत्रकं बनवून द्यायची. मजकूर इंग्रजी, हिंदी आणि मराठीत एक्सएमएलच्या फायलींत साठवलेला असे. जावाचा एक प्रोग्रॅम तो उचलून टेम्प्लेटच्या, म्हणजे पानाच्या ठरलेल्या साच्याच्या, चौकटींत बसवायचा आणि त्याची पीडीएफ काढून द्यायचा. आधीचा माणूस सोडून गेला म्हणून हे काम नुकतंच तिच्या गळ्यात पडलं होतं.

हॅशचं कोडं लगेच सुटलं. ठळक अक्षरांसाठी नेमलेल्या फॉन्टमध्ये देवनागरीच नव्हती. तिने फॉन्ट बदलला, पीडीएफ पुन्हा काढली, अक्षरं जागेवर आली. तिथे थांबली असती तर कुणी तिला बोल लावला नसता. पण तिला एक गोष्ट खटकली. प्रोग्रॅम चालताना पडद्यावर काही ना काही पुटपुटत असतो. हा अगदी मुका होता.

तिने सेटिंगची फाइल उघडली. मोठी चूक झाली तरच बोलायचं, साधे इशारे गिळून टाकायचे, असं कुणीतरी त्यात बजावून ठेवलं होतं. तिने ती ओळ काढली आणि प्रोग्रॅम परत चालवला.

पडदा इशाऱ्यांनी भरून गेला. वर सरकत राहिला, थांबेच ना. सगळ्यांचं म्हणणं एकच: मजकूर चौकटीत मावत नाही, उरलेला भाग कापला जाईल.

तिने त्याच रंगाच्या कारखान्याचं टाकीसफाईचं पत्रक उघडलं. इंग्रजी मजकूर चौकटीत नेमका बसला होता. चौकट त्याच्याच मापाने आखलेली होती. मराठी मजकूर लांब. पीडीएफमध्ये त्याचं शेवटचं वाक्य होतं, 'टाकी पाण्याने धुऊन झाल्यावर आत उतरावे.' पूर्णविरामासकट. काही तुटलंय अशी शंकाही कुणाला येऊ नये.

मूळ एक्सएमएल फाइलमध्ये मात्र पुढे होतं, 'त्याआधी आतली हवा मोजावी. हवा मोजल्याशिवाय कोणीही उतरू नये. आत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याला काढण्यासाठी मागोमाग उतरू नये.'

लीलाबाईंचा मुलगा अमोल तिकडेच कुठल्याशा कंपनीत जात असे. स्वरदा जिना उतरून खाली आली. लीलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"मावशी, अमोलदादा नेमके कुठल्या कंपनीत जातात?"

"त्या रंगाच्या. भऱ्याच्या अंगाला हाय न्हाई का, ती."

"आज काय काम आहे त्यांना?"

"टाकी धुवायची हाय म्हनला. लई वास मारतुया म्हनं." लीलाबाईंचा हात सुपात थांबला. "का गं? अशी का दिसतीयास?"

"त्यांना फोन लावा."

"फोन गेटवरच ठिवून घेत्यात की."

स्वरदाने कारखान्याच्या ऑफिसात फोन केला. "पीडीएफचं ना? मेल करा मॅडम, बघतो," म्हणून पलीकडच्याने ठेवूनही दिला. परत लावला तर कुणी उचलेना. मग तिने जनार्दन सरांना फोन केला, तर ते म्हणाले, "आधी ते पत्रक मला पाठव. क्लायंटशी परस्पर बोलू नकोस."

तिने लॅपटॉप पिशवीत टाकून स्कूटर काढली. "मावशी, मी तिकडे जाऊन येते," एवढंच ती बोलली. लीलाबाई सूप तसंच टाकून फाटकापर्यंत आल्या.

घाटात सिमेंटचे मिक्सर एकामागे एक गोगलगायीसारखे चढत होते. स्वरदा त्यांच्या कडेने, मातीतून गाडी काढत गेली. गेटवर वॉचमनने अडवलं. "आत माणूस मरेल," असं ती इतक्या हळू आवाजात म्हणाली, की तो बाजूलाच झाला.

टाकीपाशी माणसं जमली होती आणि सगळी एकदम बोलत होती. टाकीच्या तोंडाशी, लोखंडी शिडीवर अमोल होता. त्याचा एक पाय आत गेला होता.

"बहिरू आत पडलाय! हलत न्हाई!" तो ओरडला.

स्वरदाने शिडी चढून त्याचा शर्ट मागून धरला. "उतरू नका! आत विषारी हवा आहे."

"धुतलीय टाकी! धुतल्यावर उतरायचं, आसं लिव्हलंय तितं!" त्याने टाकीवर चिकटवलेल्या पत्रकाकडे बोट केलं. "सोड मला!"

"पुढचं छापलंच गेलं नाही, दादा. हवा मोजायची असते. तुम्ही गेलात तर तुम्हीही पडाल."

अमोलने हिसडा दिला. शर्ट फाटला, पण तिने हात सोडला नाही. मग खालच्या दोघांनी त्याला कमरेला धरून ओढून घेतलं. तो जमिनीवर बसून बहिरूच्या नावाने हाका मारत राहिला.

सुरक्षा अधिकारी धावत आला. तोंडाला मास्क, पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून एक जण आत उतरला आणि बहिरूला दोराने वर घेतलं. त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. रुग्णवाहिकेत घातलं तेव्हा छाती हलत होती, एवढंच. पुढे तो वाचला, पण बोलताना शब्द शोधत राहतो.

स्वरदा गेटबाहेर येऊन कठड्यावर बसली आणि तिने सरांना सगळं सांगितलं.

"इशारे मीच बंद करायला लावले होते," ते म्हणाले. "सारखे यायचे गं. हे बघ, आपण नवीन पत्रकं पाठवू. कारण लिहायची गरज नाही."

"नवीन पत्रक मेलमध्ये पडून राहील, सर. हे टाकीवर चिकटवलंय. किती ठिकाणी गेलंय हे?"

उत्तराची वाट न पाहता तिने फोन ठेवला आणि लॅपटॉपवर ग्राहकांची यादी उघडून एकेका कारखान्याला फोन लावायला घेतला. काहींनी ऐकलं, काहींनी मॅनेजरकडे बोट दाखवलं. पौडच्या बाजूच्या एका कारखान्यात कुणीतरी वयस्क माणसाने उचलला.

"व्हय, ते पत्रक हाय की," तो म्हणाला. "पत्र्यावर छापून टाकीलाच ठोकलंय. आमच्यात अजून तरी कुनाला काय झालं न्हाई."

त्याच्या मागे लोखंडावर पाण्याचा फवारा आपटत होता.

"काका, ते काम आत्ता थांबवा. कुणाला आत उतरू देऊ नका."

"थांबा, बघून येतो." फोन तसाच टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

स्वरदा कानाला फोन लावून बसली. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज बंद झाला. कुणी थांबवलं, की टाकी धुऊन झाली, ते तिला कळेना.