दोनशे बारावे पान

मित्रांनो, माझ्या पोटात चाळीस हजार शब्द आहेत आणि त्यांतला एक मला वेळेवर सांगता आला नाही. मी इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, वयाने बत्तीस वर्षांचा. माझी पाठ उसवली आहे, कडा पिवळ्या पडल्या आहेत. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या एका चाळीत, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर मी राहतो.

मी कागदाचा, पुठ्ठ्याचा आणि खळीचा बनलो. उल्हासनगरच्या रद्दीवाल्याकडे गठ्ठ्यात दबून पडलो होतो. तिथून मला आण्णांनी उचलले. आण्णा शाळेत शिपाई होते. त्यांनी मला खाकी कागदाचे कव्हर घातले आणि रोज संध्याकाळी उघडले. चाळीतली माणसे औषधाच्या पुड्या, नोकरीची पत्रे, गॅसच्या शेगडीबरोबर आलेला कागद असे काहीही घेऊन यायची. आण्णा चष्मा लावून माझी पाने उलटायचे. त्यांच्या बोटांना तंबाखूचा वास होता, तो माझ्या पानांना अजून आहे. ती माझी चांगली वर्षे.

आण्णा गेले. मुलगा नरेंद्र आनंदनगरच्या एका कंपनीत पॅकिंगला लागला आणि त्याच्या खिशात फोन आला. मग मला कोण विचारतो? पण टाकले मात्र नाही कोणी. हे घर देवाधर्माचे. दर नवरात्रात मला पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि दसऱ्याला पूजा उठली की परत फळीवर ठेवायचे. वर्षातून दोन दिवस मान आणि बाकी धूळ. मी तक्रार करत नव्हतो. पूजा होते आहे, एवढ्यात मी सुख मानले. ती माझी चूक होती.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. सकाळीच मला पाटावर बसवले होते. माझ्यावर झेंडूचे फूल, शेजारी नरेंद्रच्या मुलीची, तेजस्वीची, आठवीची पुस्तके आणि अंजनीताईंची कात्री. अंजनीताई म्हणजे नरेंद्रची बायको. उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे येतात, त्यांचे सुटे धागे त्या घरी बसून कापतात. काम सगळे नजरेचे. नऊ दिवस त्यांचे उपास होते, एक वेळच्या भगरीवर.

दुपारी नरेंद्र कंपनीतली यंत्रांची पूजा आटोपून आला. एका हातात पेढ्यांचा बॉक्स, दुसऱ्या हातात निळा ड्रम. आमच्याकडे सणाला असा रिकामा ड्रम मिळाला की घरात आनंदच होतो. पाणी दिवसाआड, तेही अर्धा तास. अशा ड्रममध्ये घरोघरी पाणी भरून ठेवतात.

"साहेबांनी स्वतः दिला," तो म्हणाला. "मी स्टेशनवरून फुलं आणि आपट्याची पानं आणतो. चारला पाणी येईल, तोवर धुऊन ठेव."

तो गेला आणि फोनही त्याच्याबरोबर गेला. अंजनीताईंकडे बटणांचा साधा फोन, त्यावर फक्त बोलता येते.

मोरीत ड्रम ठेवला तेव्हा तेजस्वी वाकून बघत होती. "आई, याच्यावर फाटका कागद आहे. कॉ-रो-झिव्ह. म्हणजे काय गं?"

"कंपनीचं नाव असेल. खरवडून टाक."

"नाव नाही वाटत. बाजूचं चित्र पण कुणीतरी घासून काढलंय. कोशात बघू?"

देव्हाऱ्यापाशी वाती वळत बसलेल्या गोदूबाईंनी, नरेंद्रच्या आईंनी, मान वर केली. "हात लावशील तर बघ! पूजेतलं पुस्तक आज उघडायचं नसतं. वर्षभर अभ्यास म्हटलं की पोटात दुखतं आणि आज बरी आठवण आली गं?"

"आजी, एकच शब्द."

"उद्या बघ. शब्द काय पळून जातोय?"

अंजनीताई हसल्या. "आजी म्हणतात ते बरोबर आहे बाळा. उद्या पूजा उठली की बघ."

मित्रांनो, तो शब्द माझ्या दोनशे बाराव्या पानावर होता. वरून तिसरा. माझ्यावर एक फूल होते, तेवढेच. मला हात असते तर मी ते पान स्वतः उघडले असते.

ड्रमच्या तळाला पांढरी खपली होती. "सोडा दिसतोय धुण्याचा," असे म्हणत अंजनीताईंनी त्यात तांब्याभर पाणी ओतले आणि घासणी घेऊन आत वाकल्या. आतून चर्र आवाज झाला. पाणी उकळल्यासारखे उसळले आणि त्यांच्या तोंडावर आले.

ती किंकाळी मी विसरणार नाही. गोदूबाई धावल्या. आगीला थंड म्हणून त्यांनी निरांजनातले तूप सुनेच्या डोळ्यांत घातले. त्या माउलीला जे येत होते ते तिने केले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास नुसतं पाण्याने धूत राहायचं होतं हो." त्या तूप घालत होत्या, तेव्हाच बाहेर चाळीच्या नळाला चारचे पाणी आले होते.

दसऱ्याला कोणी पूजा उठवली नाही. फूल माझ्यावरच सुकले.

सतरा दिवसांनी अंजनीताई घरी आल्या. उजवा डोळा गेला होता, डाव्याने सावल्या दिसत होत्या. त्या संध्याकाळी तेजस्वीने कोणाला न विचारता फूल बाजूला केले आणि मला उघडले. ती मोठ्याने वाचू लागली.

"कॉरोझिव्ह. विशेषण. स्पर्शाने पोळणारे, कातडी किंवा धातू खाऊन टाकणारे. वापर: हे द्रव्य कॉरोझिव्ह आहे, त्याला हात लावू नये. समानार्थी शब्द: कॉस्टिक..."

"थांब," अंजनीताई म्हणाल्या. "काय वाचलंस?"

"कॉस्टिक."

त्यांनी हात पुढे करून माझे पान चाचपले. मग हळू म्हणाल्या, "कॉस्टिक मला माहीत होतं गं. लग्नाआधी पाच वर्षं जीन्सच्या वॉशिंगला होते मी. त्याच्या पोत्याजवळून जाताना आम्ही बायका पदर डोळ्यांवर ओढायचो. कॉस्टिक म्हणाली असतीस तर मी त्या ड्रमला शिवले असते का?"

कोपऱ्यात गोदूबाई बसल्या होत्या. त्यांची जपमाळ थांबली. "अंजने," त्या म्हणाल्या, "मीच अडवलं ना पोरीला?"

"तुम्ही देवीचा मान राखलात, आई."

तेवढेच बोलणे झाले. त्यानंतर त्या दोघी एका घरात राहतात, एकमेकींना ताट वाढतात, पण पूर्वीसारख्या बोलत नाहीत. नरेंद्रने तो ड्रम नेऊन टाकला. कुठे टाकला, हे त्याने सांगितले नाही. जीन्सचे गठ्ठे आता शेजारच्या वेणूबाईंकडे जातात.

मित्रांनो, मला जपायचे असेल तर कापडात गुंडाळून जपू नका. खुशाल फूल वाहा, नमस्कार करा. मलाही तो मान आवडतो. पण जो शब्द कळत नाही, त्याच्याजवळ हात नेण्याआधी मला उघडा. सणाचा दिवस असो, उपास असो, पूजा मांडलेली असो. ज्ञान मागणाऱ्या लेकरावर शारदामाता रागावेल, असे माझ्या कुठल्याच पानावर लिहिलेले नाही.

अंजनीताईंनी देवापाशी दिवा लावायचे व्रत सोडलेले नाही. रोज तिन्हीसांजेला त्या समईपाशी बसतात, वात बोटांनी चाचपतात, काडी ओढतात आणि तेजस्वीला विचारतात, "लागली का गं?"