पाटावर बसलेली साखळी

मी एक जुनी साखळी आहे. जाडजूड, काळी आणि स्वभावाने जरा तिरसट. माझ्या एका कडीवर कानशीचा ओरखडा आहे आणि दुसरी एक कडी वाकलेली आहे. मित्रांनो, हे दोन्ही घाव मला एकाच माणसापायी झाले. त्याचं नाव मला अजून ठाऊक नाही. त्याचे हात मात्र मी कुठेही ओळखीन.

निपाणीजवळच्या एका खेड्यात लोहाराने मला घडवलं ते सर्ज्या नावाच्या मारक्या बैलासाठी. तो दाव्याला जुमानत नसे. एकदा तो मला गळ्यात घेऊनच सुटला आणि तंबाखूच्या रानात उधळला. गडीमाणसं बांधावर चढून नुसता आरडाओरडा करत होती. घरची मालकीण अक्काताई मात्र पदर खोचून धावली. माझं लोंबणारं टोक तिने पकडलं आणि बाभळीच्या बुंध्याला झटक्यात वेढा दिला. सर्ज्या जागच्या जागी थांबला.

"आपल्यापरास ताकदीच्याशी ओढाओढी करायची न्हाय," ती धापा टाकत गड्यांना म्हणाली. "त्याला अडकवायचा!"

पुढे सर्ज्या म्हातारा होऊन गेला. अक्काताई बेळगावला, टिळकवाडीत मुलाकडे राहायला आली, तेव्हा तिच्या गाठोड्यातून मीही आले. जुनं लोखंड कशाला, असं कुणीसं विचारलं. तिने गाठोड्याची गाठ आणखी आवळली.

मुलगा गोपाळ कचेरीत कारकून होता आणि सून प्रमोदिनी शिकलेली सुईण. आसपासच्या खेड्यांतून तिला बोलावणी येत. बैलगाडी मिळून पोचेपर्यंत कधीकधी फार उशीर होई. असाच एकदा उशीर झाला आणि एक बाळ हाती लागलं नाही. घरी येऊन प्रमोदिनी चुलीपुढे नुसती बसून राहिली. त्यानंतर गोपाळने कॅम्पातल्या, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी फटफटी घेतली. पुढे कारकून नवरा आणि मागे पिशवी कवटाळून बसलेली बायको! लोक तोंडावर हात ठेवून हसले. पण वेळेवर पोचलेल्या सुईणीने दोन-चार बाळंतिणी सुखरूप सोडवल्या आणि हसणाऱ्यांनीच रस्त्यातली गुरं बाजूला हाकायला सुरुवात केली.

घराला फाटक नव्हतं. फटफटी रस्त्याकडेच्या फणसाखाली उघड्यावरच उभी राही. दिवस लढाईचे होते. टायर मिळत नव्हते, सुटे भाग मिळत नव्हते, आणि दुसऱ्याच्या गाडीवर डोळा ठेवणारे तर गल्लोगल्ली होते. अक्काताईने मला गाठोड्यातून काढून मुलासमोर टाकलं. गोपाळने मला मागच्या चाकाच्या तारांतून ओवलं, फणसाच्या खोडाला वळसा घातला आणि पितळी कुलूप ठोकलं. बैल गेला, फटफटी आली. माझं काम तेच राहिलं.

एकदा खडेबाजारात गोपाळ एका दुकानात शिरला होता. त्याने फटफटीसकट मला दिव्याच्या खांबाला अडकवलं होतं. तेवढ्यात खाकी कोटातला एक माणूस बुटाची नाडी बांधायला म्हणून माझ्याजवळ बसला. त्याच्या बोटांना विडीचा वास होता आणि उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. बाहीतून कानस काढून तो मला घासू लागला. माझ्या अंगातून कळ गेली. मी दात आवळून धरले. आम्हा साखळ्यांना दात नसतात हे मला माहीत आहे, पण तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही आवळले असते. गोपाळ दुकानाबाहेर आला तशी ती कानस बाहीत गेली आणि तो माणूस शीळ घालत निघून गेला.

त्यानंतर आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे शस्त्रांची, हत्यारांची पूजा होते. रोज राबणारं लोखंड त्या दिवशी धुऊनपुसून पाटावर मांडायचं, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला कामाला लावायचं नाही. अक्काताईचा हा नियम फार कडक होता. तिने विळा मांडला, कोयता मांडला, प्रमोदिनीची नाळ कापायची कात्री मांडली. मग ती फणसाकडे वळली.

"हिनं माझ्या सर्ज्याला राखलं. ही बी हत्यारच हाय," असं म्हणत तिने गोपाळकडून मला सोडवून घेतलं, राखेने घासलं आणि कुलपासकट पाटावर बसवलं. हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल आलं. एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता. खोटं कशाला सांगू, मी फुलून गेले.

प्रमोदिनी खिडकीशी उभी होती. "आत्याबाई, समोर कोणीतरी खाकी कोटातला माणूस मघापासून उभा आहे. साखळी परत लावूया का?"

"आज हत्यार हलवायचं न्हाय, पोरी. सणासुदीला कोण चोरी करतंय?"

प्रमोदिनीने गोपाळकडे पाहिलं. पुरणपोळीने जडावलेला गोपाळ म्हणाला, "एका दिवसानं काय होतंय?" आणि भिंतीला टेकून त्याने डोळे मिटले.

खाकी कोट! माझं फुलणं तिथल्या तिथे ओसरलं. मी पाटावरून खिडकीबाहेर पाहत राहिले. फटफटी फणसाखाली मोकळी उभी होती. तो माणूस रस्ता ओलांडून आला, विडी पेटवली, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा पलीकडे गेला. मला ओरडायचं होतं. पण पूजेतल्या वस्तूने गप्प बसायचं असतं, आणि साखळीला कुणी हलवल्याशिवाय आवाज नसतो.

तेवढ्यात मागच्या दाराने भरमू धावत आला. येळ्ळूरच्या वाटेवर त्याचं घर होतं. त्याच्या अंगातून घाम निथळत होता.

"बाईसाब, आमची मनुबाई सकाळपासनं अडलीया. डोळं फिरवाया लागलीया. लवकर चला!"

प्रमोदिनीने पिशवी ओढली आणि पाटाशी येऊन थबकली. कात्री पाटावर होती. तिने सासूकडे पाहिलं.

अक्काताई पाटासमोर हात जोडून उभी होती. जन्मभर पाळलेला नियम मोडणं सोपं नसतं, मित्रांनो. तिची मला कीव आली आणि रागही आला, कारण त्याच वेळी खिडकीबाहेर तो नख नसलेला अंगठा फटफटीच्या मुठीवर टेकला होता. त्याने गाडी स्टँडवरून काढली. उताराच्या दिशेला वळवली. आत सगळ्यांच्या नजरा कात्रीवर होत्या आणि मनुबाईचा जीव बाहेर ढकलत नेला जात होता.

"आत्याबाई," प्रमोदिनी म्हणाली, "मागच्यासारखं होईल हो."

अक्काताईने डोळे मिटले. "चुकलं आसंल तर मला बोल, देवा. पोरीला न्हाय," असं म्हणून तिने स्वतःच्या हाताने कात्री उचलली. कात्री माझ्या वेढ्याखाली होती. मी पाटावरून घसरले आणि फरशीवर खळ्ळकन पडले. मला उचलायला ती खिडकीपाशी वाकली, आणि तिला फणसाखालची रिकामी जागा दिसली.

"गोपाळा! फटफटी नेली रं!"

गोपाळ दचकून उठला आणि चपला शोधू लागला. अक्काताईने चपला शोधल्या नाहीत. मला मुठीत धरून ती अनवाणी पायऱ्या उतरली. चोर उतारावर गाडी पळवत होता. एकदा इंजिन लागलं की संपलंच. पण जुनी फटफटी अनोळखी माणसाला सहज दाद देणारी नव्हती. ती नुसतीच खोकत होती. म्हातारी मागून पोचली. तिने त्याचा कोट धरला नाही की गाडी ओढली नाही. तिने माझं टोक मागच्या चाकाच्या तारांत खुपसलं.

चाक फिरलं आणि मला आत ओढत घेऊन गेलं. मी तारांत आणि गाडीच्या दांड्यात सापडले. माझी एक कडी वाकली. वाटलं, आता तुटते. सर्ज्याची आठवण झाली आणि मी धरून ठेवलं. गाडी जाग्यावर आडवी झाली. मागून गोपाळ आणि भरमू ओरडत येत होते. ते पाहून खाकी कोट रस्त्यात थांबलेल्या उसाच्या गाड्यांमधून पळून गेला.

मला सोडवताना दोन तारा वाकल्या. फटफटी लंगडत निघाली, पण निघाली. प्रमोदिनीच्या पिशवीत कात्री होती.

अक्काताई मला मांडीवर घेऊन पायरीवर बसली. तिच्या टाचेतून रक्त येत होतं. तिने ते पुसलंही नाही. दिवेलागण झाली. येणाऱ्या प्रत्येक आवाजाला ती मान वर करायची आणि मला आणखी घट्ट धरायची. माझ्या कड्या तिच्या तळहातावर उमटल्या. शेवटी उताराखालून ओळखीचं फटफट ऐकू आलं. प्रमोदिनी खाली उतरली आणि सासूच्या पायाशीच बसली.

"मुलगी झाली, आत्याबाई. दोघी सुखरूप आहेत."

अक्काताई रडली. बैल गेला तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून तिने गोपाळकडून मला फटफटीसकट फणसाला बांधून घेतलं आणि आत जाऊन रिकाम्या पाटाला नमस्कार केला.

पुढच्या खंडेनवमीला मी धास्तावले होते. पुन्हा पाट, पुन्हा फूल, पुन्हा मोकळी फटफटी! पण अक्काताई आरतीचं तबक घेऊन स्वतःच फणसाखाली आली. "तू जागा सोडायची न्हाय," ती मला म्हणाली, "देवाला मी भाईर घिऊन आलिया."

आता स्वराज्य आलं आहे. झेंडा लावून फटफटीही त्या दिवशी गावभर हिंडली. मला मात्र गंज चढू लागला आहे, कारण तेलाचा हात फिरवायची आठवण हल्ली कुणाला राहत नाही. मित्रांनो, राखणाऱ्याचा मान जरूर करा. पण मान देण्यासाठी त्याला राखणीवरून उठवू नका. उघड्यावर गाडी ठेवाल तेव्हा कुलूप लावा, सणाच्या दिवशी तर आधी लावा. तुमच्या गाडीची वाट कुठे, कोण पाहत असेल, हे तुम्हाला आधी कळत नाही.

मनुबाईची जया दर खंडेनवमीला आईबरोबर येते. तिच्या हाती कुंकवाची कोयरी दिली की ती फणसाखाली उकिडवी बसते आणि माझी वाकडी कडी शोधते. कुंकू ती तिलाच लावते. बाकीच्या कड्यांकडे ती बघतही नाही.