माझी बॅटरी रोज का उतरायची

मित्रांनो, मी एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे. दोनच दारं, दोनच खुर्च्या, आणि जमिनीला टेकेल इतकं खाली पोट. माझी उमेदीची वर्षं पुण्यात गेली. तिथं सिग्नलला थांबले की मुलं काचेला नाक लावून आत बघायची. पुढे माझे सुटे भाग मिळेनासे झाले, मालकाचं मन उडालं, आणि अकोल्याजवळचे फुलांचे व्यापारी गोपालभाऊ मला घेऊन आले.

लग्नसराईत ते मला झेंडू-शेवंतीनं मढवायचे आणि नवरदेवाला बसवून मिरवायचे. त्यांची सहा वर्षांची लेक रागिणी बाहुली घेऊन माझ्या खुर्चीत बसायची. "चाल, चिखलदऱ्याले जाऊ," असं मला सांगायची आणि तोंडानंच भर्र करायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

गोपालभाऊंचं घर खारपाणपट्ट्यात होतं. तिथल्या बोअरचं पाणी इतकं खारं, की वाळलं की बादलीला पांढरा थर धरतो. उन्हाळ्यात गोपालभाऊ माझ्या बॉनेटवर पोती टाकायचे आणि दुपारी दोनदा ती त्या पाण्यानं भिजवायचे. "तिले ऊन लागलं नाई पायजे," म्हणायचे. माया होती, नाही कशी म्हणू? पण ते पाणी बॉनेटच्या फटींतून आत ठिबकायचं. बॅटरीची जाड वायर माझ्या पत्र्याला बोल्टनं जोडलेली होती, नेमका तो जोड गंजत गेला.

इंजिन चालू असताना अल्टरनेटर वीज तयार करतो आणि बॅटरी भरतो. माझा अल्टरनेटर धडधाकट होता. वीज तयार व्हायची, पण त्या गंजामुळे बॅटरीपर्यंत पुरती पोचायची नाही. सकाळी किल्ली फिरवली की मी नुसती टकटक करायचे. मला सगळं कळत होतं. सांगता मात्र येत नव्हतं.

गोपालभाऊंनी नवी बॅटरी बसवली. आठवड्यात तीही उतरली. मेकॅनिक अब्दुल सत्तार म्हणाला, "भाऊ, मीटर लावून पाहू द्या. दहा मिन्टाचं काम हाये."

"मीटर कायले पायजे? आमची पोट्टी आतला लाइट लावून ठेवते."

"पप्पा, मी नाई लावत," दारामागून रागिणी म्हणाली.

"तुले कोनं इचारलं?"

सत्तार मीटर पिशवीत घालून निघून गेला.

मग अमरावतीत, भर वरातीत, मी बंद पडले. बँड वाजत राहिला आणि मी जागच्या जागी. नवरीचे काका केशवराव मोठ्यानं म्हणाले, "गोपाल, बैल आनू का रे हिले जुंपाले?" सारी वरात हसली. नवरदेव उतरून पायी गेला. गोपालभाऊंचा चेहरा माझ्या रंगाचा झाला. राग तसाच गिळून त्यांनी मला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर चालू केलं आणि घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रागिणी माझ्यात बसलेली त्यांना दिसली.

"लय हौस हाये न तुले गाडीत बसायची? बस मंग!"

त्यांनी दार आपटलं आणि रिमोटचं बटण दाबलं. माझी कुलपं अशी आहेत मित्रांनो, की बाहेरून लावली तर आतली कडी चालत नाही. काचा बंद होत्या. मे महिना होता. "पाच मिन्टं बसली की अक्कल येईन," असं म्हणत ते अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तेवढ्यात त्यांना हारांच्या ऑर्डरचा फोन आला. पाचाची पंधरा मिनिटं झाली.

रागिणी आधी रडली. मग तिनं काचेवर हात आपटले. मग नुसती ओठ हलवत राहिली. माझा पत्रा तव्यासारखा तापला होता आणि ती माझ्या पोटात होती.

गोपालभाऊ आले. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. बॅटरीतला उरलासुरला जोर कुलूप लावण्यातच संपला होता. किल्ली घातली, तर दोन्ही दारांची कुलपंही ओघळलेल्या खाऱ्या पाण्यानं जाम.

आवाज ऐकून रागिणीची आई, शालूताई, धावत आली. "अवो, काच फोडा!"

"थांब, तार आनतो. हिची काच भेटत नाई कुठं!"

मित्रांनो, हे वाक्य मी स्वतः ऐकलं. माझी काच भेटत नाही, असं ते म्हणाले. आत त्यांची लेक मान टाकत होती.

शालूताई घरात गेली, पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली आणि दोन घावांत तिनं माझी काच फोडली. हाताला काचा लागल्या तरी रागिणीला ओढून काढलं आणि अंगानं दाबून धरलं. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

रागिणी दोन दिवस दवाखान्यात होती. ती घरी आली त्या दिवशी गोपालभाऊंनी सत्तारला बोलावलं. त्यानं बॅटरी बाहेर भरून आणली, मला चालू केलं आणि मीटर लावला. अल्टरनेटरवर सव्वाचौदा व्होल्ट, बॅटरीवर जेमतेम बारा. "वीज बनून राह्यली, पोचून नाई राह्यली," तो म्हणाला. इंजिन बंद करून त्यानं बोल्ट खोलला. आतून पांढरी-हिरवी भुकटी सांडली. त्यानं ती बोटावर घेऊन गोपालभाऊंसमोर धरली. "खारं पानी हाये भाऊ. लाइटचं काहीच नोयतं."

गोपालभाऊंनी आजूबाजूला कुणी ऐकतंय का ते पाहिलं. मग म्हणाले, "हे बाहेर कोनाले सांगू नोको. अन् काच कुठं भेटते ते पाय."

रागिणी आईचा पदर धरून उभी होती. तिनं विचारलं, "पप्पा, मंग मी नोयता लावला न लाइट?"

"बरं बरं. जाय आत."

ती आत गेली. त्यानंतर ती माझ्यात कधीच बसली नाही.

मित्रांनो, माझा जोड घासून साफ झाला, नवी वायर लागली. आता मी एका किल्लीत चालू होते आणि लोक पुन्हा माझं कौतुक करतात. यंत्र बिघडलं तर आधी ते तपासा, दहा मिनिटं लागतात. आणि चुकून कुणावर आळ घेतलाच, तर तो त्याच्या तोंडावर, मोठ्यानं मागे घ्या. मला बोलता येत असतं तर मी त्या अंगणात ओरडून सांगितलं असतं, "रागिणी, तुझी काहीच चूक नव्हती." गोपालभाऊंना बोलता येतं. त्यांनी ते अजून सांगितलेलं नाही.